एकदाच म्हटलेलं कडवं

तांगा, न्गामियानी
९ जानेवारी १९९०

श्रीमती किबीबी बिन्ती सालिम यांस,

सलाम. हे पत्र मी नसीम हॉलच्या समितीच्या वतीनं लिहीत आहे. येत्या मे महिन्यात हॉलला चाळीस वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्तानं हॉलमध्ये झालेल्या गाजलेल्या कार्यक्रमांची एक पुस्तिका काढायचं ठरलं आहे. समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आहे. मी नको नको म्हणत होते, पण न्गामियानीतल्या बायकांनी ऐकलं नाही. त्या मला फार मानतात.

अडचण अशी की पहिल्या दिवशी हॉलमध्ये हजर असलेलं आणि नीट सांगू शकणारं माणूस आता सापडत नाही. पुरुषांपैकी दोघे आहेत, पण एकाला काही आठवत नाही आणि दुसऱ्याला जे घडलंच नाही ते आठवतं. बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर तुम्ही होता, असं सगळे सांगतात. तरी झांजिबारहून आलेल्या त्या पहिल्या वाद्यवृंदाबद्दल तुम्हाला जे आठवत असेल ते लिहून कळवावं. आमच्या माहितीप्रमाणे पहिलं गाणं दुपारी झालं आणि हॉल निम्मा रिकामा होता.

इकडे सर्व ठीक. तुमचे बंधू नासोरो यांची तब्येत बरी आहे, व्हायोलिन अजून सुटलेलं नाही. तुम्हाला पत्र लिहिणार का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू लिही. मी मध्ये पडणार नाही." आमच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात, त्याच हॉलमध्ये आहे. नवरीला आत्या बाहेर आणते, हे तुम्हाला सांगायला नको. आत्या नसली तर शेजारची कुणीतरी बाई उभी करतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहते.

मगेनी बिन्ती हमादी
अध्यक्ष, नसीम हॉल चाळिसावं वर्ष समिती

*

मोंबासा, जुनं शहर
२७ जानेवारी १९९०

अध्यक्षीणबाईंना सलाम.

हॉल निम्मा रिकामा होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं तो त्या दिवशी बाहेर उभा असणार, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांवर पोरं बसली होती. आणि गाणं दुपारी नव्हे, संध्याकाळच्या नमाजानंतर झालं. दुपारी व्हायचं होतं, पण झांजिबारची बोट उशिरा आली आणि समुद्र असा खवळला होता की सगळा वाद्यवृंद धक्क्यावर उतरला तो पोट धरूनच.

ऊदच्या तारा छेडणारा बुवा हॉलच्या पायरीवर बसून म्हणाला, "मला जमीन हलताना दिसतेय. मी वाजवणार नाही." आमची आई तेव्हा आल्याची कॉफी विकायची दाराशी. तिनं त्याला तीन कप पाजले आणि म्हणाली, "बाबा, जमीन हलते तर तिच्या ठेक्यावर वाजव, पण वाजव. या बायका सकाळपासून नटून बसल्यात." तो हसला आणि आत गेला. पहिलं गाणं त्यानं डोळे मिटून वाजवलं. नासोरो तेव्हा लहान होता, त्यानं हे पाहिलं आणि त्याला वाटलं की वाजवायचं म्हणजे डोळे मिटूनच. पुढे जन्मभर तो तसाच वाजवत आला. हे पुस्तिकेत घाला, पण आईचं नाव नीट लिहा. सालिमची बायको म्हणून नको, बिन्ती जुमा म्हणून लिहा.

मुलीला आशीर्वाद. मला बसचा प्रवास झेपत नाही, सीमेवर उन्हात उभं राहावं लागतं, आणि माझा लोणच्याचा धंदा आंब्याच्या दिवसांत सोडता येत नाही. शेजारची बाई उभी करा. तुम्हाला न्गामियानीत मानणाऱ्या पुष्कळ आहेत असं तुम्हीच लिहिता.

तुमचं नाव मगेनी, म्हणजे पाहुणी. पाहुणीनं घरातल्यांना बाहेर काढून अध्यक्ष व्हावं, ही तांगाचीच गंमत.

किबीबी

*

तांगा, न्गामियानी
१२ फेब्रुवारी १९९०

किबीबीबाई,

तुमच्या पत्रातला वाद्यवृंदाचा मजकूर समितीत वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद वाचला नाही. बायका इतक्या हसल्या की चहा सांडला. तुमच्या आईचं नाव तुम्ही सांगितलं तसंच घातलं आहे.

पुढचं सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. बासष्ट साली अंध ऊदवादक आला आणि पंखे बंद केल्याशिवाय गाणार नाही म्हणाला, कारण डावीकडचा पंखा बेसूर फिरत होता. लोक घामानं न्हाऊन निघाले पण एकही उठला नाही. सहासष्ट साली हॉलच्या रखवालदारानं पहाट क्लब आणि मोती क्लब या दोघांनाही एकाच दिवशी हॉल दिला. दोघेही मागे हटेनात, म्हणून मंचाच्या मधोमध खडूनं रेघ मारली आणि आळीपाळीनं गायले. संध्याकाळ होईतो एकमेकांना टोमणे मारून दोन्हीकडचे गळे बसले. मी मोती क्लबच्या बाजूला बसले होते आणि पहाट क्लबच्या व्हायोलिनवाल्याकडे बघत होते. त्यानं काही मला पाहिलं नाही, डोळेच मिटलेले. लग्न झाल्यावर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "कुठली रेघ?"

आता एकोणसत्तर सालचा जानेवारी. रविवारची दुपार, आसुमिनीबाईंचं गाणं, साथीला नासोरो, रेडिओवाले ध्वनिमुद्रणाला आले होते तो दिवस. समितीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की हा कार्यक्रम पुस्तिकेत नसला तर पुस्तिका काढूच नये. मी म्हटलं, राहू दे. तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तू नको म्हणणारच!" मला काही कळलं नाही.

मग मी ठरवलं की तुम्हालाच विचारते. समिती बाजूला ठेवते. त्या दिवशी तुम्ही गाणं अर्धं टाकून उठलात. घरी आले तर तुमची पेटी नव्हती, तुम्ही नव्हता. मोंबासाला मावशीकडे गेलात असं कळलं. दोन महिन्यांनी मुलगी झाली, तिच्या बारशाला निरोप पाठवला, तर उत्तर नाही. मग मध्ये काही वर्षं सीमाच बंद होती. ती उघडल्यावर नासोरो व्हायोलिनच्या तारा आणायला मोंबासाला येऊन तुम्हाला भेटतात, आणि घरी येऊन म्हणतात, "बरी आहे." बस, एवढंच.

मी काय समजायचं? मी हेच समजले की माझं पोट तुम्हाला पाहवलं नाही. तुमच्या पहिल्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून तुम्हाला परत पाठवलं होतं, आणि इथे भावाच्या घरात माझं पोट रोज तुमच्या डोळ्यांसमोर. मी तुम्हाला दोष दिला नाही. पण रागावले जरूर. आता मुलगी विचारते, "आत्या का येत नाही? मी तिचं काय केलं?" तिला मी काय सांगू ते तरी लिहा.

मगेनी

*

मोंबासा
२४ फेब्रुवारी १९९०

मगेनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की तू माझी थट्टा करतेयस. दुसऱ्यांदा तर खात्रीच झाली.

तुला माहीत नाही? सगळ्या न्गामियानीला माहीत आहे आणि तुला माहीत नाही? मग ऐक. आसुमिनी गात होती. हॉल गच्च. मी तिसऱ्या बाकावर, माझ्या दोन्ही बाजूंना बायका. ती त्या कडव्यावर आली:

फुलून फुलून फळेना झाड,
त्याच्या सावलीत बसू कशी

आणि तू मंचापाशी उभी. सात महिन्यांचं पोट पुढे, हात वर, हातात पाच शिलिंगांची नोट, आणि मान वळवून माझ्याकडे बघून हसतेयस. अख्ख्या हॉलसमोर! आपल्या तारबच्या गाण्यांत बाई कुठल्या ओळीला नोट घेऊन उठते त्या ओळीत तिचं बोलणं असतं, आणि ती जिच्याकडे बघते तिला ते लागू. हे काय मी तुला शिकवू? तू मोती क्लबच्या बाजूला वाढलेली. तुझ्या काकीनं एका कडव्यावर नोट देऊन दोन घरांतलं लग्न मोडलं होतं.

माझ्या उजवीकडची बाई म्हणाली, "अगं बाई, वहिनीनं तर सगळ्यांसमोर सांगितलं." डावीकडचीनं नुसता माझ्या हातावर हात ठेवला. ते जास्त लागलं. मी ज्या घरात तुला पहिलं पाणी दिलं त्याच घरात मी फळ न धरणारं झाड. मी उठले. आणि उठले ती पुन्हा बसायला नाही आले.

पुस्तिकेत काय लिहायचं ते लिही. हेच लिही. लोकांना आवडेल.

तुझ्या मुलीनं माझं काही केलेलं नाही, हे तिला सांग.

किबीबी

*

तांगा, न्गामियानी
५ मार्च १९९०

किबीबीबाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या हातून भात करपला. नासोरोंनी तसाच खाल्ला.

मी शपथेवर सांगते. मी त्या कडव्याला उठलेच नव्हते. त्याच्या आधीच्या कडव्याला उठले होते. आठवा, आधी काय होतं:

पहिलं पाणी दिलं जिनं मला,
तिच्या ओंजळीला विसरू कशी

मी नवरी म्हणून तुमच्या उंबऱ्यात आले तेव्हा पहिलं पाणी तुम्ही दिलंत. माझी आई तेव्हा नव्हती, आणि तुम्ही म्हणालात, "पी, आता हे तुझंच घर." ते कडवं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आज सगळ्या हॉलला कळू दे की माझी नणंद कोण आहे. पदरात घरखर्चाची पाच शिलिंगांची एकच नोट होती, ती काढली आणि उठले.

पण उठले म्हणजे काय उठले! मी मागून चौथ्या रांगेत. पोट असं की बाकांमधून सरळ जाताच येईना, आडवी होऊन जात होते. एका म्हातारीच्या पायावर पाय पडला, तिनं शिव्या दिल्या, मी माफी मागितली. वाटेत रेडिओवाल्यांच्या तारा पसरलेल्या, त्या ओलांडायच्या म्हणजे डोंगर. मी सगळा वेळ खाली, पायांकडे बघत होते. गाण्याकडे लक्षच नव्हतं. मंचापाशी पोचले, नोट वर केली आणि वळून तुमच्याकडे बघून हसले. तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, तुम्हाला भरून आलं. मग वाटलं, की घुसमटायला झालं असेल. आणि घरी पेटी नाही म्हटल्यावर वाटलं, की माझं पोट.

तेव्हा कुठलं कडवं चालू होतं हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं मला ठाऊकच आहे. आता कळलं की बायका मला एवढा मान का देतात. बाजारात गेले की रांगेत पुढे जागा करून देतात. माझ्यासमोर कुणी सुनेला घालूनपाडून बोलत नाही. मला वाटायचं, माझ्या हातचा पिलाव चांगला म्हणून. तसं नाही हो. मी तुम्हाला भर हॉलमध्ये पाणउतारा करून घराबाहेर काढलं म्हणून! अध्यक्षपदसुद्धा त्याचंच.

काल दिवसभर मला स्वतःची लाज वाटत होती, आणि मी तर काही केलेलंच नाही.

मगेनी

*

मोंबासा
१६ मार्च १९९०

मगेनी,

गोष्ट छान रचलीस. पोट, म्हातारी, तारा, सगळं आलं. मला क्षणभर हसूही आलं, ते मी कबूल करते.

पण एक विसरलीस. बाई नोट घेऊन उठली की गाणारी तेच कडवं धरून ठेवते. दोनदा, तीनदा, चारदा, ती बाई मंचापर्यंत पोचून नोट हातात देईपर्यंत. लंगडी आली तरी धरून ठेवते. तांगात शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मग तू पाण्याच्या कडव्याला उठलीस तर आसुमिनी तुझ्यासाठी थांबली का नाही? ती काय नवशिकी होती? तिनं आमच्या आत्यासाठी एक कडवं एवढं धरलं होतं की ढोलकवाल्याचे हात दुखले.

तेव्हा तू झाडाच्याच कडव्याला उठलीस. मला या वयात उगाच समजावू नकोस. रमजान जवळ आला आहे, मला मन स्वच्छ ठेवून उपास करायचे आहेत. आता लिहू नकोस.

किबीबी

*

मोंबासा
३० एप्रिल १९९०

मगेनी,

ईद मुबारक. तू लिहिलं नाहीस. मीच म्हटलं होतं लिहू नकोस, आणि तू नेमकं ऐकलंस. इतकी आज्ञाधारक तू कधीपासून झालीस?

मन स्वच्छ ठेवून उपास करणार म्हणाले होते ना, ते काही जमलं नाही. रोज संध्याकाळी उपास सोडताना पहिला घोट घ्यायचे आणि तुझं पत्र आठवायचं. पदरातली एकच नोट. घरखर्चाची. ते मला खोटं वाटेना. दुसऱ्याचा अपमान करायला बाई घरखर्चाचे पैसे काढत नाही, त्यासाठी वेगळे जपून ठेवते. आमच्या ओळखीच्या सगळ्या ठेवत.

आसुमिनी इथेच राहते, मासळी बाजाराच्या मागे. मी तिला कधी भेटले नव्हते, मुद्दामच. ईदच्या दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन गेले. फार जाड झाली आहे, पलंगावरून उठत नाही, पण जीभ तशीच आहे.

मी म्हटलं, "आसुमिनीबाई, नसीम हॉल, रेडिओवाल्यांचा कार्यक्रम आठवतो का?"

तिनं कपाळावर हात मारला. "नाव काढू नकोस त्या दिवसाचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट गाणं."

"वाईट? लोक तर अजून नाव घेतात."

"लोकांना काय कळतंय! तो रेडिओचा माणूस माझ्यासमोर घड्याळ घेऊन उभा. आधीच बजावलं होतं, फीत एवढीच आहे, एक कडवं एकदाच म्हणायचं, परत म्हटलंस तर गाणं मध्येच तुटेल. मी म्हटलं, अरे दादा, बायका उठतात, त्यांच्यासाठी थांबावं लागतं. तो म्हणाला, बायकांना बसायला सांग. आता हॉलभर बायकांना बसायला कोण सांगणार, तो का मी? मी एकेक कडवं एकदाच म्हणत सुटले. बिचाऱ्या बायका! एका कडव्याला उठायच्या आणि दुसऱ्याला पोचायच्या. एक जण नवऱ्याच्या आठवणीचं कडवं धरून निघाली आणि पोचली ती दारुड्याच्या कडव्याला. नोट परत पदरात बांधून माघारी गेली. एक तर पोटुशी होती, डुलत डुलत आली, मी तिच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावतेय की बाई थांब, देऊ नकोस, हे कडवं वाईट आहे. तिचं लक्षच नाही. तिनं आपली नोट उंच धरली आणि कुणाकडे तरी बघून असं काही गोड हसली!"

मी पदरानं डोळे पुसले.

आसुमिनी म्हणाली, "का गं? तुझी कोण ती?"

मी म्हटलं, "माझी वहिनी."

"मग आता रडतेस कशाला?"

"रडत नाही. लोणच्याचं तिखट डोळ्यात गेलं."

"बरणी तर अजून उघडलीच नाही," ती म्हणाली. आणि मग ती इतकी हसली की पलंग करकरला, आणि मीही हसले, आणि तिची सून धावत आली की काय झालं म्हणून.

मगेनी, मला किती बरं वाटतंय ते मी तुला कसं सांगू. परत येताना मी समुद्रावरून लांबून आले. शेजारणीनं विचारलं, काय गं, पाय दुखत नाहीत का आज? खरंच दुखत नव्हते. एकवीस वर्षं मला वाटत आलं की ज्या मुलीला मी पहिलं पाणी दिलं तिनंच मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तसं काही झालंच नव्हतं. तू माझा मान करायला निघाली होतीस आणि एका घड्याळवाल्यानं तुला उशीर केला.

मी तेव्हाच थांबून तुला विचारायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हण. पण तूही एवढी लांब येऊन मला विचारू शकली असतीस, हे मीही म्हणणार आहे. झाली फिट्टंफाट.

आता एक सांग. पोरीचं नाव काय ठेवलंस? नासोरोला मी तिच्याबद्दल कधी बोलूच दिलं नाही. माझ्या नावावरून तर नाही ना ठेवलंस?

किबीबी

*

तांगा, न्गामियानी
७ मे १९९०

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत होते. वाचलं आणि सूप हातातून पडलं. सगळे तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले. मी त्यांना हाकललंसुद्धा नाही. नासोरो बाहेर आले, विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही, तुमची बहीण परत आली." त्यांना काही कळेना. मग मी पत्र वाचून दाखवलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तरीच! त्या दिवशी गाणं एवढ्या लवकर संपलं. मला वाटलं मीच कडवी गाळली." एकवीस वर्षं या माणसाला वाटत होतं की आपण वाजवताना चुकलो, आणि त्या लाजेपायी त्या दिवसाचं नाव काढलं नाही! मी म्हटलं, "अहो, एकदा डोळे उघडले असते तर?" तर म्हणाले, "डोळे उघडून काय, मला बायकांचं काही कळतच नाही." मग आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. तोंड धुऊन आले तेव्हा डोळे लाल होते.

पोरीचं नाव. नाही वन्सं, तुमचं नाव नाही ठेवलं. खोटं कशाला सांगू? रीतीप्रमाणे सासरच्या बाईचं ठेवायला हवं होतं, नासोरोंची आई म्हणा, तुम्ही म्हणा. पण तुम्ही बारशालाही आला नाहीत आणि मी संतापले होते, म्हणून माझ्या आईचं ठेवलं. तौहिदा.

आता समितीचं ऐका. मी काल सभा घेतली आणि सगळं सांगून टाकलं. घड्याळवाला, फीत, माझं पोट, चुकलेलं कडवं. मग ती मासेवाली रुकिया, जी मला बाजारात सगळ्यात आधी जागा करून द्यायची, ती म्हणाली, "म्हणजे तू नणंदेला टोमणा मारलाच नव्हतास?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही गं बाई."

"आणि आम्ही इतकी वर्षं तुला घाबरत होतो!"

एवढी निराश झालेली बाई मी पाहिली नाही. दुसरी म्हणाली, "मी माझ्या सुनेला तुझं नाव सांगून धाकात ठेवलंय, आता मी काय करू?" आज सकाळी बाजारात गेले तर रुकियानं मला रांगेत उभं केलं, सगळ्यांच्या मागे, आणि वर शिळा मासा द्यायला बघत होती. घेतला नाही. पण वन्सं, मला फार हलकं वाटलं. त्या मानाचं ओझं मला कधी कळलंच नव्हतं.

अध्यक्षपद मात्र काढून घेतलं नाही. दुसरं कुणी करायला तयार नाही.

पुस्तिकेत त्या कार्यक्रमाचं पान मीच लिहिलं आहे. तुमचं नाव घातलेलं नाही. एवढंच लिहिलं आहे की रेडिओवाल्यांच्या घाईमुळे त्या दिवशी कडवी एकदाच म्हटली गेली आणि बऱ्याच बायकांच्या नोटा भलत्याच ओळीला पोचल्या, तरी ज्यांना त्या दिवसाबद्दल काही गैरसमज असेल त्यांनी तो काढून टाकावा. हे वाचून निम्म्या तांगातली जुनी भांडणं मिटतील की नवीन सुरू होतील, ते देवालाच ठाऊक. दोघी जणी तर कालच येऊन विचारून गेल्या की आपण नेमक्या कुठल्या कडव्याला उठलो होतो.

आता तुमचा बसचा प्रवास, सीमेवरचं ऊन आणि आंब्याचं लोणचं यांचं काय ते सांगा. लग्न सव्वीस तारखेला आहे. तौहिदानं शेजारच्या बाईला अजून विचारलेलं नाही. मी तिला विचारू दिलं नाही.

तुमची,
मगेनी

*

मोंबासा
१४ मे १९९०

मगेनी,

माझं नाव नाही ठेवलंस ते फार बरं केलंस. ठेवलं असतंस तर मला इथे बसून स्वतःचीच लाज वाटत राहिली असती, आणि आत्ता मला ते नको आहे. तौहिदा छान नाव आहे. तुझ्या आईला मी पाहिलं नाही, पण चांगलीच बाई असणार.

आंबे यंदा लवकर संपले. खरं तर संपले नाहीत, उरलेले मी शेजारणीला दिले. कोण बसतंय फोडी करत.

मी शनिवारच्या बसनं येते. आसुमिनीनं तौहिदासाठी अंगावर घ्यायच्या कांगा कापडाची एक जोडी पाठवली आहे, आणि निरोप दिला आहे की लग्नात गाणाऱ्या बाईला सांग, घड्याळाकडे बघू नकोस. नासोरोसाठी तारा घेतल्या आहेत. तुझ्यासाठी काय आणावं ते सुचलं नाही, म्हणून लोणचंच आणते.

आता नीट ऐक. बस स्थानकावर नासोरो येऊ नये. तो मला बघून तिथेच रडायला लागेल आणि माझी पेटी उचलायची राहील. तू ये. तौहिदाला घेऊन ये. आणि आपण टॅक्सी करायची नाही. बाजाराच्या रस्त्यानं चालत जायचं, भर दुपारी, सगळ्या दुकानांसमोरून. मी तुझा हात धरीन. रुकियाच्या टोपलीपाशी थांबून मासा बघू, भाव करू, आणि तिनं शिळा दिला तर मी तिला तुझ्या नणंदेची जीभ दाखवीन. जिला जे बघायचं ते तिनं पोटभर बघून घ्यावं. मी ताठ चालेन आणि सगळ्यांशी हसून बोलेन, कुणाला काही कळणार नाही.

पण घरात शिरल्यावर आधी दार लाव, वहिनी. कडी घाल. मग मला तुझ्या गळ्यात पडून रडायचं आहे, आणि त्या वेळी न्गामियानीतली एकही बाई मला तिथे नको आहे.

किबीबी